गायतोंडे थांबायचे तेव्हा काय करायचे?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने आम्हाला कुलाब्याला टीआयएफआर बघायला नेलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था. आमच्यातल्या निम्म्या पोरांना भौतिकशास्त्रात रस नव्हता, कॅन्टीनमध्ये आणि मागच्या समुद्रात होता. आत शिरलो तर भिंतींवर चित्रंच चित्रं. एका चित्रासमोर माझा मित्र थांबला. करडं-हिरवट काहीतरी, मधेच डाग वर आल्यासारखे, कुठे पापुद्रा सुटल्यासारखं. तो म्हणाला, "एवढ्या भारी इन्स्टिट्यूटमध्ये पण ओल येते का रे?"

आम्ही डोंबिवलीचे. पावसाळ्यात भिंतीवर उमटणारे नकाशे बघतच मोठे झालेलो. त्यामुळे हसलो, फोटो काढला आणि पुढे गेलो. खालच्या पट्टीवर व्ही. एस. गायतोंडे असं नाव होतं. तेव्हा 'सेक्रेड गेम्स' यायची होती, त्यामुळे त्या नावावरून सुचू शकणारा विनोदही आम्हाला सुचला नाही.

आज दहा वर्षांनी सांगायचं तर तो ओलीचा विनोद मला अगदीच चुकीचा वाटत नाही. ओल भिंतीवर कुणी काढत नाही. आतून काहीतरी झिरपतं, वरचा थर सुटतो, खालचा दिसतो, आणि यात महिने जातात. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर जे घडतं ते याच्या बरंच जवळचं आहे. फरक इतकाच, की इथे एक माणूस समोर बसून ते कधी थांबवायचं हे ठरवत होता. ते तो कसं ठरवत होता, याच्या मी गेली दोन-तीन वर्षं मागे लागलो आहे.

चित्रकाराबद्दल बोलताना आपण 'अंतःप्रेरणा' हा शब्द फार लवकर काढतो. आतून आलं, सुचलं, हात आपोआप चालला. मराठीत 'सुचणं' हे क्रियापदच असं आहे की त्यात करणारा बाजूला राहतो. मी केलं म्हणतो, पण मी सुचलो म्हणत नाही, 'मला' सुचलं म्हणतो. जणू बाहेरून कुणीतरी कुरिअर दिलं आणि मी फक्त सही केली. गायतोंड्यांच्या बाबतीत तर हे कुरिअर थेट हिमालयातून आल्यासारखं लिहिलं जातं. योगी, मौनी, ऋषितुल्य. माझी यावर तक्रार आहे. त्यांच्या मौनाची एवढी आरती झाली की त्या मौनात चाललेलं काम कुणी नीट बघितलंच नाही.

तर आधी तो माणूस.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. घराणं मूळचं गोव्याचं, वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा. तिथे त्या काळी जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्ग घेत, आणि शंकर पळशीकर होते. म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या मॉडेल-समोर-बसवून-काढा शिक्षणाच्या बरोबरीने लघुचित्रांची परंपरा अभ्यासायची सोय त्याच इमारतीत होती. गायतोंड्यांनी ती घेतली. बसोली आणि जैन पोथ्यांतली चित्रं त्यांनी बारकाईने पाहिली. त्यांची सुरुवातीची चित्रं बघितली की हे लगेच लक्षात येतं. माणसं आहेत, बायका आहेत, सपाट तेजस्वी रंग आहेत, आणि रंगाला घट्ट धरून ठेवणारी रेषा आहे. 'हे लहान मुलालाही येईल' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता ही चित्रं दाखवतो. त्यांना काढता येत होतं. उत्तम येत होतं.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते १९५०च्या आसपास जोडले गेले. सूझा, रझा, हुसेन यांची ती मंडळी. त्या गटावर इतकं लिहिलं गेलंय की मी पुढे सरकतो, कारण गायतोंड्यांचा खरा इतिहास गटात घडलेला नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी एकेक गोष्ट सोडली त्यात तो आहे. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या चित्रांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. क्लेची रेषा कुणाचं चित्र काढायला निघत नाही, नुसती फिरायला निघते आणि वाटेत काहीतरी होऊन बसते. त्या प्रभावात गायतोंड्यांच्या चित्रातली माणसं आधी चिन्हांसारखी झाली, मग विरळ झाली. मग माणसं गेली. मग रेषाही गेली. पन्नासचं दशक संपेपर्यंत उरला तो रंग आणि त्याचा पृष्ठभाग.

हे क्रमाने पाहिलं की 'आतून आलं' या कल्पनेला पहिला धक्का बसतो. इथे काहीच एका झटक्यात आलेलं नाही. दहा वर्षं फक्त काढून टाकणं चाललंय. आमच्या धंद्यात जुन्या कोडमधून अनावश्यक ओळी काढणाऱ्याला कुणी विचारत नाही, नवीन फीचर लिहिणाऱ्याचं कौतुक होतं. पण ज्याने कधी पाच वर्षं जुनं कोड साफ केलंय त्याला माहीत असतं की लिहिण्यापेक्षा काढायला जास्त अक्कल लागते. काय काढलं तर बाकीचं कोसळेल, हे कळावं लागतं.

याच काळात ते वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला लागले. आजच्या भाषेत को-वर्किंग स्पेस म्हणता येईल, पण आजच्या कुठल्याच को-वर्किंग स्पेसमध्ये अशी माणसं एकत्र बसत नाहीत. अल्काझींचं नाटक, रविशंकरांची सतार, हुसेन, सगळे एका छपराखाली, आणि समोर समुद्र. गायतोंडे तासन्‌तास त्या समुद्राकडे बघत उभे राहायचे, असं त्यांना ओळखणाऱ्यांनी पुनःपुन्हा सांगितलंय. सतीश नाईक यांनी 'चिन्ह'तर्फे गायतोंड्यांवर केलेला मोठा मराठी ग्रंथ मिळाला तर जरूर चाळा. त्यांच्याबद्दलच्या आठवणी मराठीत इतक्या एकत्र दुसरीकडे सापडत नाहीत.

१९५९च्या सुमारास झेन विचाराशी त्यांची ओळख झाली. जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी वाचले. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज होते, विड्यांचं दुकान चालवणारे आणि मराठीत बोलणारे गुरू. त्यांच्याकडेही गायतोंडे जात. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण झेनचं पुस्तक वाचून कॅनव्हासवर रंग लागत नाही. तेच पुस्तक त्या काळात हजारो लोकांनी वाचलं असेल. म्हणून मला त्यांच्या हातात काय होतं हे बघायचं होतं.

हातात ब्रश फारसा नव्हता. रोलर होता आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची सुरी. हा बदल किरकोळ वाटतो, पण सगळं इथेच फिरतं. ब्रश हा मनगटाचा नोकर आहे. तुम्ही मनात आणाल तिथे तो जातो आणि तुमची सही सोडून येतो. रोलरला मनगट नसतं. तो रंग पसरवतो, दाबतो, खालचा थोडा ओला रंग उचलतो आणि पुढे जाऊन दुसरीकडे ठेवतो. तो काय उचलेल हे तुमच्या हातात अर्धंच असतं. बाकीचं खालचा रंग किती ओला आहे यावर ठरतं. सुरीचंही तेच. ओल्या रंगात तिने खरवडलं तर खालचा थर उघडा पडतो. रंग अर्धवट वाळलेला असेल तर तो पापुद्र्यासारखा निघतो. पूर्ण वाळला असेल तर सुरी नुसती घसरते.

पुढे, विशेषतः सत्तरच्या दशकात, त्यांनी यात आणखी एक गोष्ट आणली. वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले कागद. हे तुकडे रंगात वापरायचे, कॅनव्हासवर ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. कागद जाताना रंग घेऊन जातो आणि आपला आकार ठेवून जातो. चित्रात ज्या चिन्हांसारख्या खुणा दिसतात, कुठल्यातरी हरवलेल्या लिपीतल्या अक्षरांसारख्या, त्या हाताने 'काढलेल्या' नाहीत. त्या उचलण्यातून उरलेल्या आहेत.

आता तैलरंगाबद्दल एक गोष्ट, जी मला रसायनशास्त्राच्या वर्गात कुणी सांगितली असती तर मी जागा राहिलो असतो. पाण्याचे रंग वाळतात कारण पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून घट्ट होतात. याला दिवस लागतात, जाड थर असेल तर आठवडे. आणि घट्ट होणं वरून सुरू होतं, म्हणजे वर साय धरते आणि खाली ओलंच. थर पातळ आहे की जाड, रंग कुठला आहे, हवा दमट आहे की कोरडी, यावर वेळ बदलते. मुंबईच्या जुलैचं आणि दिल्लीच्या मे महिन्याचं गणित एक नसणार.

म्हणजे कॅनव्हासवर एक खिडकी उघडते आणि बंद होते. त्या खिडकीच्या आधी कागद ठेवला तर चिखल. नंतर ठेवला तर काहीच नाही. आणि अनडू नाही. कंट्रोल-झेड मारून मोठा झालेल्या माझ्यासारख्याला याची कल्पना करतानाही घाम फुटतो. ही खिडकी घड्याळ सांगत नाही. मग कोण सांगतं?

याचं उत्तर मला गायतोंड्यांवरच्या लिखाणात मिळालं नाही. माझ्या काकांकडे मिळालं.

काका पेंटर. चित्रकार नव्हे, बोर्ड रंगवणारे. किराणा दुकानं, क्लासेस, 'येथे गाड्या उभ्या करू नयेत', निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला तसा त्यांचा धंदा बसला, तरी अजून एखाद-दुसरं देऊळ किंवा जुना गिऱ्हाईक बोलावतो. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो, डबा धरायला. पहिला हात मारून झाला की ते विडी ओढत बसायचे. मी विचारायचो, आता दुसरा हात कधी? ते बोटाची मागची बाजू रंगाला जेमतेम टेकवायचे आणि म्हणायचे, "अजून ओढतोय." मग अर्ध्या तासाने पुन्हा. कधी म्हणायचे "बसला." तुम्हाला कसं कळतं विचारलं की एकच उत्तर, "कळतं."

मला ते उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटायची. विज्ञान शाखेला गेल्यावर तर जास्तच. मोजता येत नाही ते ज्ञान कसलं?

नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी आमच्या टीममधले एक सीनियर सोडून चालले होते. सर्व्हर पडला की ते लॉगवरून नुसती नजर फिरवायचे आणि म्हणायचे, डेटाबेसचं बघा. तो डेटाबेसच असायचा. जाण्याआधी त्यांचं हे सगळं ज्ञान लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी चाळीस पानांचं डॉक्युमेंट केलं. हे दिसलं तर ते करा, ते दिसलं तर हे. ते गेल्यावर पहिल्यांदा रात्री तीन वाजता सर्व्हर पडला तेव्हा त्या चाळीस पानांचा शून्य उपयोग झाला. सगळं बरोबर लिहिलं होतं, पण कुठे बघायचं हेच त्यात नव्हतं. त्या रात्री मला काकांचं 'कळतं' आठवलं आणि थोडी लाज वाटली.

मागच्या वर्षी मी काकांना फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. तिथे जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक कलेचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. मला वाटलं काका दोन मिनिटांत कंटाळतील. ते समोर उभेच राहिले नाहीत. ते बाजूला गेले, भिंतीला जवळजवळ गाल लावला आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघितला. पहारेकरी दोनदा खाकरला. मग काका म्हणाले, "हा अर्धा वाळू दिलाय. मग वरनं काहीतरी चिकटवून काढलंय. कागद असेल." थोडं थांबून, "इथे घाई झाली असती तर खालचा पण आला असता." अर्थ काय या चित्राचा, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितला नाही, मला कुठे माहीत होता.

तेव्हापासून मला वाटतं की गायतोंड्यांच्या बाबतीत अंतःप्रेरणा म्हणजे हेच होतं. डोक्यात चमकलेली वीज नाही, बोटाच्या मागच्या बाजूला कळणारी गोष्ट. ती येण्यासाठी आधी वर्षानुवर्षं रंग लावून, वाळवून, नासवून बघावे लागतात. आणि ती आली तरी फार थोडा वेळ टिकते, रंग ओला आहे तेवढाच. बाकीच्या काळात तिच्यासाठी तयार राहावं लागतं. गायतोंडे थांबायचे म्हणजे हे करायचे.

१९९१ साली प्रीतीश नंदींना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की सगळ्याची सुरुवात शांततेपासून होते. चित्रकाराची, कॅनव्हासची आणि सुरीचीही शांतता, आणि आधी ती सगळी आत घ्यावी लागते. हे वाक्य अध्यात्म म्हणून शंभर ठिकाणी वापरलं गेलंय. मला त्यातला 'सुरी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. साधू सुरीबद्दल बोलत नाही, कारागीर बोलतो.

त्यांना 'अमूर्त' हा शब्दही पसंत नव्हता. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि त्याचा अर्क काढला असं होतं. ते आपल्या कामाला 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे ज्याच्या मागे कुठलीच वस्तू नाही. म्हणून चित्रांना नावंही बहुधा नाहीत. 'अनटायटल्ड', किंवा नुसता नंबर. त्यांच्या चित्रात समुद्र, धुकं, पहाट शोधणं आपल्याला आवरत नाही, माझ्या मित्राला ओल दिसली तसंच. त्यांची हरकत असती असं वाटत नाही, पण ते समुद्र काढत नव्हते हे नक्की.

मधे मी एका एआय चित्र बनवणाऱ्या टूलला गायतोंडे शैलीत चित्र करायला सांगितलं. बारा सेकंदांत चार आली. चारही ओल. यंत्राला नावं ठेवायला हे सांगत नाही, माझी नोकरी त्याच्याच आसपास आहे. पण त्या बारा सेकंदांत काहीही वाळलं नव्हतं.

आता रोथको. गायतोंड्यांवर कुठेही दोन परिच्छेद वाचा, तिसऱ्यात मार्क रोथको येतो. गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, तिथे रोथकोला भेटले, मोठे रंगपट बघितले, आणि 'भारताचे रोथको' झाले, अशी ती गोष्ट. तारखा लावल्या की गोष्ट पडते. टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस १९५७चं. वस्तुरहित चित्रांकडे वळण पन्नासच्या दशकाच्या शेवटी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं १९६२चं चित्र १९६३ साली संग्रहात घेतलं, म्हणजे ते स्वतः तिथे पोचण्याच्या आधी त्यांचं चित्र पोचलं होतं. न्यूयॉर्कने त्यांना काही दिलं असेल तर ते मोठ्या आकाराचं धाडस आणि आपण एकटे नाही हा दिलासा. पद्धत ते घेऊनच गेले होते. शिवाय रोथको पातळ रंगावर पातळ रंग चढवत जातो, गायतोंडे चढवून काढतात. बघणाऱ्याला दोन्ही शांत वाटतात म्हणून ते सारखे होत नाहीत.

साठचं दशक संपता संपता त्यांनी आडवा कॅनव्हास सोडला आणि उभा घेतला. तो शेवटपर्यंत ठेवला. आडव्या चित्रात डोळा क्षितिज शोधतोच, निसर्गचित्र आपोआप तयार होतं. उभ्यात ते मोडतं. हे कारण मी काढलेलं आहे, पण चित्रं एकापुढे एक ठेवून बघा, पटेल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीला गेले. १९७१ची पद्मश्री मिळाली होती, मुंबईतला भुलाभाईचा काळ संपला होता. निजामुद्दीन ईस्टमध्ये छोटी बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली. लग्न केलं नाही. पाश्चात्य शास्त्रीय संगीत, हिंदुस्तानी संगीत, पुस्तकं, आणि सिनेमे, सिनेमे भरपूर. वर्षाला पाच-सहा चित्रं.

पाच-सहा. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या ऑफिसात माझा परफॉर्मन्स रिव्ह्यू नुकताच झाला होता. किती तिकिटं बंद केली याचा आलेख लावून मला सांगण्यात आलं होतं की वेग कमी आहे. मी त्या तिमाहीत एकाच बगच्या मागे तीन आठवडे होतो. सापडला तेव्हा बदल झाला दोन ओळींचा. आलेखात ती दोन ओळींची एक रेघ. म्हणून वर्षाला पाच-सहा हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा विचार केला तेव्हा तितकं बरं वाटलं नाही. कारण या आकड्याची किंमत त्यांनी दिली होती. मोठं घर नाही, संसार नाही, काळी पंडोलसारखे थोडे जिवाभावाचे गॅलरीवाले आणि मोजके ग्राहक, आणि बाकी कुणाला काही सिद्ध करायला न जाणं. माझ्यावर होम लोन आहे. थांबणं फुकट मिळत नाही, आणि त्यांची गोष्ट सांगताना हे वगळलं की ती खोटी होते.

त्यांच्याकडून कोण काय शिकलं, हेही बघण्यासारखं आहे. भुलाभाईच्या दिवसांत त्यांच्या सहवासात आलेली एक तरुण चित्रकार होती, नसरीन मोहमदी. गायतोंडे तिला गुरुस्थानी होते. पुढे तिने जे केलं ते शाई आणि पेन्सिलीतल्या बारीक, ताणलेल्या रेषांचं काम आहे. रंगाचा थर नाही, रोलर नाही, कागद उचलणं नाही. तंत्र काहीच घेतलं नाही. गायतोंड्यांनी जी रेषा सोडून दिली होती, तिथेच ती जाऊन बसली. पण किती थोडक्यात थांबायचं हे दोघांनाही सारखंच कळत होतं. माझ्या चाळीस पानांत जे उतरलं नाही ते नुसतं शेजारी वावरून उतरत असावं.

आणि मग १९८४.

दिल्लीत रस्त्यावर अपघात झाला. मानेला जबर दुखापत. त्यानंतर मान वाकलेलीच राहिली. पाच-पाच फूट उंच कॅनव्हास, त्यावर दाब देऊन फिरवायचा रोलर, थर चढवायचे, वाकून-उठून बघायचं, हे सगळं शरीराचं काम होतं. ते थांबलं. एक-दोन महिने नाही, काही वर्षं. साठी गाठलेला माणूस, एकटा, गच्चीवरच्या खोलीत.

इथे 'आतून येतं' म्हणणाऱ्यांनी विचार करावा. आतलं तर सगळं शाबूत होतं. ध्यान, वाचन, शांतता, कशालाच धक्का लागलेला नव्हता. तरी मोठं चित्र होईना. कारण त्यांचं कळणं डोक्यात एकटं राहत नव्हतं. मान, खांदा, मनगट आणि ओला रंग मिळून ते कळत होतं. त्यातलं एक निखळलं की बाकीच्यांना वाट बघावी लागते.

त्या वर्षांत त्यांनी लहान कागदांवर शाईने काम केलं. काळी शाई, पांढरा कागद, थोड्या खुणा. कॅनव्हासवर कागद उचलल्यावर ज्या लिपीसारख्या आकृत्या उरत, त्यांच्या भावंडांसारख्या. फरक असा की शाईला खिडकी नाही. टेकवली की बसली. तीस वर्षं ज्यांनी रंगाच्या वाळण्यावर काम केलं त्यांना आता वाळण्याची सोयच नव्हती, थांबणं सगळं कागदाला हात लागायच्या आधी संपवावं लागत होतं. मला त्यांच्या मोठ्या चित्रांइतकीच ही छोटी रेखाटनं आवडतात, किंबहुना काही दिवशी जास्त. ती आजाऱ्याने वेळ घालवायला केल्यासारखी मुळीच दिसत नाहीत. ऐंशीचं दशक संपताना ते पुन्हा कॅनव्हासकडे आले, आणि ती नंतरची चित्रं आधीच्यांपेक्षा अधिक मोकळी, अधिक विरळ आहेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी चित्र काढणं थांबवलं. का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की चित्रं करतोय, पण डोक्यात. रंग कॅनव्हासवर लावण्यात घालवण्याइतकी शक्ती आता उरलेली नाही. या उत्तराने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. वर मी जे सगळं म्हणालो, की कळणं हातात आणि रंगात असतं, त्याला हे उत्तर छेद देतं. कदाचित पन्नास वर्षांनंतर ओला रंगसुद्धा डोक्यात वाळायला लागत असेल. काकांना विचारलं, काम नसतं तेव्हा डोक्यात बोर्ड रंगवता का? ते म्हणाले, "बसमधून जाताना सगळ्यांचे रंगवतो. अक्षरं कुणाची सरळ नसतात."

१० ऑगस्ट २००१ रोजी गायतोंडे गेले. फार गाजावाजा झाला नाही. बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९चं चित्र २३.७ कोटींना गेलं आणि मग सगळ्यांना ते आठवले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या नावातच चित्रकला म्हणजे प्रक्रिया, असं होतं. पैशांचे आकडे नंतर आणखी वाढले. ते शोधून काढणं तुम्हाला अवघड नाही.

चित्र बघायचं असेल तर वस्तुसंग्रहालयात आधी फोन करून विचारून जा, लावलेली चित्रं बदलत असतात. दिल्लीत असाल तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. फोटो काढून घरी मोठा करून बघायचा विचार असेल तर सोडून द्या, मी करून बघितलंय, फोनच्या स्क्रीनवर थर सपाट होतात. समोर पाच मिनिटं झाली की काकांसारखं बाजूला जा आणि तिरक्या उजेडात बघा. पहारेकरी खाकरेल. खाकरू द्या, पण हात मात्र लावू नका.